आकडा बदलला, वाक्याचे काय? ऑनलाइन सांख्यिकी लेख अद्ययावत करण्याची आणि तपासण्याची रीत

२००१ ते २०११ या दशकात गोव्याची लोकसंख्या किती टक्क्यांनी वाढली? शोधायला बसलात तर तीन उत्तरे हाती लागू शकतात: ८.१७, ८.२३ आणि ८.५२. पहिले २०११ च्या तात्पुरत्या आकड्यावरून, म्हणजे १४,५७,७२३ वरून काढलेले आहे. दुसरे अंतिम आकड्यावरून, १४,५८,५४५ वरून. दोन्ही हिशेबांत २००१ चा अंतिम आकडा १३,४७,६६८ हाच पाया आहे, त्यामुळे आपापल्या वेळी दोन्ही बरोबर होती. तिसरे उत्तर मात्र जनगणनेच्या कुठल्याच तक्त्यातून निघत नाही. कुणीतरी २०११ चा आकडा इमानदारीने अंतिम करतो, पण शेजारच्या रकान्यात २००१ चा जुना तात्पुरता आकडा, १३,४३,९९८, तसाच राहतो. मग एक्सेल निमूटपणे ८.५२ काढून देते.

म्हणजे ही चूक लेख अद्ययावत केला नाही म्हणून झालेली नाही. अर्धवट अद्ययावत केला म्हणून झाली. ऑनलाइन सांख्यिकी लेखांत माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात, म्हणून पुढची सगळी रीत हीच जात डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. गोव्यात महाविद्यालयाचा अर्थशास्त्र विभाग, एखादे वृत्तपत्र किंवा हौशी अभ्यासकांचा गट लोकसंख्या, पर्यटन, मासळी, खाणी, रोजगार, महागाई यांवर मराठीत आकडेवारीचे लेख चालवत असेल, तर दोन-तीन माणसांत ही रीत निभावता येते.

आधी नोंदवही

छापील पुस्तकाची आवृत्ती निघते आणि तिच्यावर साल असते. ऑनलाइन लेखाचा पत्ता तोच राहतो आणि आतला मजकूर बदलत जातो, त्यामुळे वाचकाला आपण कोणत्या काळातले वाचतो आहोत ते कळत नाही. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट आपल्या समजावणाऱ्या लेखांच्या माथ्यावरच दोन गोष्टी देते: हे आकडे कधी काढून घेतले आणि लेखाची पुढची सुधारणा कधी ठरली आहे. ही ओळ आपण बिनदिक्कत उचलावी. ‘शेवटचा बदल’ अशी आपोआप पडणारी तारीख तिची जागा घेऊ शकत नाही, कारण एखादा काना-मात्रा सुधारला तरी ती बदलते.

ही ओळ खरी ठेवायची तर मागे एक नोंदवही लागते. गूगल शीट पुरते. प्रत्येक लेखाला नव्हे, लेखातल्या प्रत्येक तक्त्याला एक ओळ. रकाने असे: मूळ तक्त्याचे पूर्ण नाव आणि क्रमांक, कोणत्या प्रकाशनातला, आकडे कोणत्या कालावधीचे, टप्पा कोणता (आगाऊ, तात्पुरता, सुधारित, अंतिम), एकक, आपण फाइल उतरवली ती तारीख, पुढचे प्रकाशन केव्हा अपेक्षित, आणि जबाबदार कोण. शेवटचा रकाना रिकामा ठेवलात तर उरलेली वही चार महिन्यांत धूळ खाईल.

मूळ फाइल स्वतःकडे साठवा. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलते, दुवे मरतात, आणि पर्वरीच्या नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालयाचे हँडबुक असो की दिल्लीच्या मंत्रालयाचे पत्रक, त्याच नावाच्या नव्या पीडीएफमध्ये आतले आकडे बदललेले असू शकतात. फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख घाला आणि जमल्यास ते पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावरही जतन करा. वर्तमानपत्राच्या बातमीतला आकडा तक्त्यात घेऊ नका. बातमी ही प्रकाशन झाल्याची वर्दी, तेवढाच तिचा उपयोग.

पुढच्या प्रकाशनाची तारीख अंदाजाने लिहायची गरज बहुतेकदा पडत नाही. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय आपल्या प्रकाशनांचे कॅलेंडर आधीच जाहीर करते, आणि किरकोळ महागाईचे आकडे साधारण दर महिन्याच्या १२ तारखेला येतात. राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल अर्थसंकल्पाच्या आसपास पाहावा.

वाक्याचे आयुष्य ठरवणे

ताजा बांगडा आणि खारवलेला बांगडा आपण सारख्याच भरवशाने ठेवून देत नाही. लेखातल्या वाक्यांचेही तेच. ‘२०११ च्या अंतिम जनगणनेनुसार गोव्यात १४,५८,५४५ लोक होते’ हे वाक्य पन्नास वर्षांनीही खरे राहील. ‘गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख आहे’ हे लिहिले त्याच दिवशी खोटे होते. दोन्हींत आकडा एकच. फरक पडतो तो काळाचा उल्लेख आणि क्रियापद यांमुळे.

म्हणून लेख पहिल्यांदा लिहितानाच, किंवा जुना लेख पहिल्यांदा हाती घेताना, प्रत्येक वाक्यावर खूण करा. काही वाक्ये कायमची असतात: संदर्भकाळ, टप्पा आणि स्रोत वाक्यातच आलेला. काही वाक्ये पुढच्या प्रकाशनापर्यंतची असतात: ताजा महागाई दर, ताजा बेरोजगारी दर. आणि काही घटनेवर टांगलेली असतात. ती कॅलेंडरने कळत नाहीत, बातम्यांनी कळतात. न्यायालयाचा निकाल, तालुक्याची फेररचना, नवा विमानतळ, नवे पायाभूत वर्ष (ज्या वर्षाशी तुलना करून आकडे मोजतात ते).

जुन्या लेखात झटपट खुणा करण्याचा एक सोपा मार्ग आहे. शोधखिडकीत हे शब्द एकेक करून टाका: सध्या, आता, अलीकडे, नुकतेच, गेल्या वर्षी, यंदा, आजवरचा, आतापर्यंत, सर्वाधिक, दुप्पट, सातत्याने, पहिल्यांदाच. जिथे जिथे ते सापडतील तिथे आकडा असो वा नसो, वाक्य संशयित समजा. ‘सातत्याने’ तर फारच फसवे. नव्या वर्षी आकडा एकदा खाली आला की तो शब्द खोटा पडतो, आणि अद्ययावत करणाऱ्याचे लक्ष तक्त्याकडे असल्याने तो तसाच राहून जातो. ‘आजवरचा सर्वाधिक’ असेल तर तो कोणत्या वर्षापासूनचा हे लिहिल्याशिवाय वाक्य पुढे जाऊ देऊ नका.

नवे प्रकाशन आले, आता क्रम

मोह होतो तो तक्त्याच्या तळाशी एक नवी ओळ जोडण्याचा. तिथून सुरुवात करू नका. आधी नव्या प्रकाशनातल्या टिपा वाचा. व्याख्या, नमुना, पाया किंवा भौगोलिक व्याप्ती बदलली असेल तर ती तिथे बारीक अक्षरात असते.

मग एक तपासणी करा जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नव्या प्रकाशनात जुन्या वर्षांचे जे आकडे दिले आहेत ते आपल्या तक्त्यातल्या जुन्या वर्षांशी जुळवा. राज्याच्या सकल उत्पन्नाचे आकडे आगाऊ अंदाज, तात्पुरता अंदाज, मग सुधारित अंदाज असे टप्प्याटप्प्याने पक्के होत जातात. त्यामुळे नवे वर्ष जाहीर होताना मागची दोन-तीन वर्षेही सरकतात. एका जरी जुन्या वर्षाचा आकडा हलला असेल तरी केवळ नवी ओळ जोडून भागत नाही, पूर्ण मालिका नव्या फाइलमधून पुन्हा घ्यावी लागते. नाहीतर यंदाचा वाढीचा दर नव्या आकड्याला जुन्या पायाने भागून निघतो. ८.५२ चाच भाऊ.

तिसरे काम एककांचे. काही तक्ते लाख रुपयांत असतात, काही कोटींत, आणि त्याच विभागाच्या दोन प्रकाशनांतही एकक वेगळे असू शकते. शंभर पटीची चूक वाचकाच्या लगेच लक्षात येईल अशी समजूत करून घेऊ नका. हजारो कोटींच्या पलीकडे बहुतेकांची अंदाजशक्ती थांबते. वर्षही पाहा: आर्थिक वर्ष, कॅलेंडर वर्ष आणि सर्वेक्षण वर्ष वेगळी. स्थिर किंमती (महागाई वगळून, पायाभूत वर्षाच्या भावाने) की चालू किंमती (त्या-त्या वर्षाच्या भावाने), हे प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकात हवे.

त्यानंतर आलेख. आलेख तक्त्याशी जोडलेला असेल तर आपोआप बदलतो. चित्र म्हणून चिकटवलेला असेल तर तो जुनाच राहतो आणि शीर्षक मात्र नवे होते. असा लेख दिसला की समजावे, घाईत केलेले काम.

सगळ्यात शेवटी मजकूर. इथे सूचना एकच: आकडा बदलून वाक्य तसेच ठेवू नका, वाक्य पुन्हा लिहा. साक्षरतेचे उदाहरण घ्या. २००१ मध्ये ती ८२.०१ टक्के होती. २०११ चा तात्पुरता आकडा ८७.४० होता, अंतिम ८८.७० झाला. ‘साक्षरता ५.३९ टक्केबिंदूंनी वाढली’ या वाक्यात फक्त ८७.४० च्या जागी ८८.७० टाकून चालणार नाही, कारण फरक ६.६९ होतो, आणि तो फरक कदाचित त्या परिच्छेदात नसून लेखाच्या सारांशात किंवा दुसऱ्याच लेखात लिहिलेला असतो. लिंगगुणोत्तराचेही तसेच झाले. दर हजार पुरुषांमागे ९६८ स्त्रिया हा तात्पुरता आकडा अंतिम मोजणीत ९७३ झाला, आणि ९६८ अजूनही कुठे ना कुठे भेटतो. टक्के आणि टक्केबिंदू यांची गल्लत करू नका, हे आलेच. ‘साक्षरता आठ टक्क्यांनी वाढली’ हे ८२.०१ च्या प्रमाणात गणिताने खरे ठरते, पण वाचणारा ८२ अधिक ८ म्हणजे ९० असेच समजणार.

मजकूर झाला की सारांश, शीर्षक, चित्राखालची ओळ आणि ज्या इतर लेखांत हाच आकडा वापरला आहे ते लेख. शेवटच्या यादीसाठीच नोंदवहीत ‘हा तक्ता आणखी कुठे’ असा रकाना पुढेमागे जोडावा लागतो.

मालिका तुटते त्या जागा

गोव्याच्या आकडेवारीवर काम करणाऱ्याने खरा वेळ इथे घालवावा. आपले राज्य लहान, पण तक्त्यांतल्या भेगा पुष्कळ.

पहिली भेग १९८७ ची. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाले. त्याआधी गोवा, दमण आणि दीव असा एकच केंद्रशासित प्रदेश होता. १९८१ च्या जनगणनेत पूर्ण प्रदेशाची लोकसंख्या १०,८६,७३० आणि एकट्या गोव्याची १०,०७,७४९. १९९१ मध्ये गोव्याची ११,६९,७९३. आता जुन्या तक्त्यातला पहिला आकडा ‘गोवा’ म्हणून उचलला तर ऐंशीच्या दशकातली वाढ ७.६४ टक्के निघते. खरी वाढ १६.०८ टक्के. निम्म्याहून कमी वाढ दाखवणारा लेख लिहून वर ‘कुटुंबनियोजनाला मिळालेला प्रतिसाद’ असे स्पष्टीकरणही जोडता येते, आणि तेच भयंकर आहे. चुकीच्या आकड्याला कारण नेहमी सापडते.

दुसरी भेग जिल्हा-तालुक्यांची. २०११ च्या जनगणनेत गोव्याचे दोन जिल्हे आणि अकरा तालुके होते. फोंडा तालुका तेव्हा उत्तर गोव्यात मोजला गेला. उत्तर गोव्याची ८,१८,००८ आणि दक्षिण गोव्याची ६,४०,५३७ ही लोकसंख्या फोंडा उत्तरेत धरून आहे. पुढे २०१५ मध्ये फोंडा दक्षिण गोव्याला जोडला गेला. धारबांदोडा हा बारावा तालुकाही २०११ च्या तक्त्यांत स्वतंत्र दिसत नाही. आता कुणी आजच्या नकाशावर २०११ चे आकडे रंगवले, किंवा २०११ च्या लोकसंख्येला आजच्या क्षेत्रफळाने भागून घनता काढली, तर जिल्ह्यांचे चित्र बिघडते. राज्याचे चित्र बिघडत नाही, ३,७०२ चौरस किलोमीटरला ३९४ ची घनता तशीच येते, म्हणून चूक लपून राहते. उपाय: प्रत्येक जिल्हा-तक्त्याखाली ‘सीमा २०११ च्या जनगणनेप्रमाणे’ अशी ओळ, आणि तक्ते जोडताना नावांवर न जाता जनगणनेच्या संकेतांकांवर जाणे. इंग्रजी तक्त्यांत आपल्या गावांची स्पेलिंगे पोर्तुगीज वळणाची, मराठीत वेगळी, कोकणीत आणखी वेगळी. नावावर जोडणी केली की चार-पाच गावे हमखास गळतात.

विमानतळ ही तुलनेने ताजी भेग. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. त्याआधीच्या सगळ्या तक्त्यांत ‘गोवा विमानतळ’ म्हणजे दाबोळी. जुन्या लेखात ‘गोवा विमानतळावरील प्रवासी’ असा आलेख असेल आणि त्यात नुसती दाबोळीचीच ओळ पुढे नेली, तर २०२३ नंतर गोव्यात येणारेच कमी झाले असा भास होईल. दोन्ही विमानतळ स्वतंत्र दाखवा, बेरीज तिसऱ्या रेषेने द्या आणि २०२३ पाशी उभी खूण करा. शिवाय विमानतळावरचे प्रवासी म्हणजे पर्यटक नव्हेत. त्या मोजणीत येणारे-जाणारे दोन्ही असतात, आणि आखातातून सुट्टीवर आलेला सासष्टीचा माणूसही असतो.

खाणींच्या बाबतीत भेग आकडेवारीची नसून प्रत्यक्षातली आहे, आणि तो फरक मजकुरात दिसायला हवा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, ती एप्रिल २०१४ मध्ये उठली. मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द झाले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद झाल्या. अशा मालिकेत ‘सरासरी वार्षिक वाढ’ काढणे निरर्थक आहे. सुरुवातीचे वर्ष २०११-१२ धरले की २०१३-१४, यावर उत्तराचे चिन्हसुद्धा बदलू शकते. लेख तपासणाऱ्या परीक्षकाने असा दर दिसताच काढून टाकायला सांगावे. उत्पादन आणि निर्यात यांची गाठही मारू नये. खाण बंद असतानाही आधी काढून ठेवलेल्या मालाचा ई-लिलाव होत होता.

मासळीसाठी एवढेच: १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीची बंदी असते, म्हणून ऑगस्टची तुलना जुलैशी न करता मागच्या ऑगस्टशी करा.

आता पायाभूत वर्षे. राष्ट्रीय उत्पन्नाचे पायाभूत वर्ष २०११-१२ वरून २०२२-२३ वर आणि ग्राहक किंमत निर्देशांकाचे २०१२ वरून २०२४ वर नेण्याचे केंद्रीय मंत्रालयाने ठरवले. पाया बदलला की निर्देशांक पुन्हा शंभरपासून मोजला जातो, आणि वस्तूंची टोपली व त्यांचे भारही बदलतात. जुना आणि नवा निर्देशांक एका रेषेत ठेवला तर आलेखात कडा कोसळल्यासारखी दिसते. प्रकाशनासोबत जोडगुणक दिला असेल तर तो वापरून जुनी मालिका नव्या पातळीवर आणता येते. तसे केल्यास लेखात तसे लिहा. मला विचाराल तर मराठी वाचकांसाठीच्या लेखात दोन आलेख शेजारी ठेवणे बरे. गुणकाने जोडलेली रेषा दिसते छान, पण टोपली बदलली हे ती सांगत नाही.

रोजगाराच्या आकड्यांत भेग आणखी सूक्ष्म. श्रमबल सर्वेक्षण एप्रिल २०१७ पासून सुरू आहे आणि त्याचे वार्षिक अहवाल जुलै ते जून अशा वर्षाचे होते. जानेवारी २०२५ पासून नमुन्याची रचना बदलली, मासिक अंदाज येऊ लागले. त्याखेरीज एकाच अहवालात ‘नेहमीची स्थिती’ (गेल्या वर्षभरातली) आणि ‘चालू साप्ताहिक स्थिती’ (गेल्या सात दिवसांतली) असे दोन मापदंड असतात, वयोगटही १५ ते २९ आणि १५ व त्यावरील असे वेगळे. विधानसभेत आणि सभांत गोव्याच्या बेरोजगारीचे वेगवेगळे दर ऐकू येतात, त्यामागे अनेकदा खोटेपणा नसतो. एकाने युवकांचा दर धरलेला असतो, दुसऱ्याने सगळ्यांचा. आपल्या लेखात दर लिहिताना चार गोष्टी एकाच वाक्यात हव्यात: मापदंड, वयोगट, कालावधी, ग्रामीण-शहरी की एकत्र. वाक्य लांबते. लांबू द्या.

नमुना सर्वेक्षणात गोव्यासारख्या राज्याचा नमुना छोटा असतो, हे विसरून चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तक्त्यांत काही आकडे कंसात असतात आणि काही ठिकाणी फक्त तारका असते. कंस म्हणजे तो आकडा २५ ते ४९ नोंदींवरच उभा आहे. तारका म्हणजे २५ पेक्षाही कमी नोंदी, म्हणून आकडाच दिलेला नाही. तक्ता मराठीत उतरवताना हे कंस हमखास गळून पडतात, कारण ते ‘दिसायला बरे दिसत नाहीत’. कंस ठेवा, खाली अर्थ लिहा, आणि कंसातल्या आकड्यावर परिच्छेद उभारू नका.

परीक्षण: दुसऱ्या माणसाचे काम

ज्याने लेख अद्ययावत केला त्यानेच तो तपासून प्रसिद्ध करायचा नाही. गट कितीही लहान असला तरी हा नियम मोडू नये. दोघेच असाल तर एकमेकांचे तपासा.

परीक्षकाने लेखकाची एक्सेल फाइल आधी उघडू नये. नोंदवहीतला स्रोत पाहावा, स्वतः मूळ फाइल उघडावी, आणि लेखातले काही आकडे स्वतः शोधून काढावेत. सगळेच तपासणे शक्य नसते, तेव्हा निवड चिठ्ठ्या टाकून करू नका. सारांशातले सगळे आकडे, शीर्षकातला आकडा, स्वतः काढलेले सगळे दर आणि गुणोत्तरे, तक्त्यातली पहिली व शेवटची ओळ, आणि ज्याने तुम्हाला आश्चर्य वाटले तो आकडा. शेवटचा सर्वांत फलदायी. आश्चर्यकारक आकड्यांत खरी बातमी क्वचित असते, एककाची किंवा व्याख्येची चूक पुष्कळदा.

दरडोई आकडे आले की भाजक विचारा. २०११ नंतरच्या कुठल्याही वर्षाचे दरडोई उत्पन्न हे मोजलेल्या नव्हे तर अंदाजित लोकसंख्येने भागलेले असते. केंद्राच्या तज्ज्ञगटाने २०११ ते २०३६ साठी काढलेले अंदाज सर्वत्र वापरात आहेत, आणि लेखात भाजक कोणता ते लिहिलेले असावे.

आलेख पाहताना स्तंभांचा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते बघा. बेरजा जुळतात का, आणि दशांश जवळच्या आकड्यावर आणल्यामुळे बेरीज १०० ऐवजी ९९.९ आली असेल तर तशी टीप आहे का. मग आकडे बाजूला ठेवून लेख मोठ्याने वाचा. ‘मुळे’, ‘परिणामी’, ‘साहजिकच’ हे शब्द कानाला टोचले पाहिजेत, कारण तक्त्यात कार्यकारणभाव नसतो. ‘कोविडमुळे २०२० मध्ये पर्यटक घटले’ हे कुणी अडवणार नाही. पण ‘मोपामुळे पेडण्यातील रोजगार वाढला’ यासाठी वेगळा पुरावा लागतो, आणि नमुना सर्वेक्षणातून तालुक्याच्या रोजगाराचा विश्वासार्ह अंदाज मिळत नाही.

शेरा कसा लिहावा, हेही शिकावे लागते. ‘आकडे पुन्हा तपासा’ हा शेरा निरुपयोगी आहे. लेखक एकदा नजर टाकतो आणि ‘तपासले’ लिहितो. शेऱ्यात जागा, शंका आणि अपेक्षित कृती हवी. नमुन्यादाखल:

‘परिच्छेद ४. “उत्तर गोव्याची लोकसंख्या” म्हणताना फोंडा धरला आहे का? ८,१८,००८ असेल तर धरला आहे. तक्त्याखाली सीमेची टीप द्या.’

‘आकृती २. २०२३ नंतरची घट फक्त दाबोळीची दिसते. मोपा जोडून पुन्हा काढा, नाहीतर शीर्षक “दाबोळी विमानतळ” करा.’

‘सारांश, दुसरे वाक्य. “सातत्याने” काढा, तक्त्यातल्या २०२० च्या ओळीशी ते विसंगत आहे.’

ज्येष्ठ प्राध्यापकाच्या लेखावर कनिष्ठाने शेरा लिहायचा असला की आपल्याकडे पेन अडखळते. म्हणून शेरे तोंडी न देता लेखी द्यावेत आणि ते व्यक्तीला नव्हे तर वाक्याला उद्देशून असावेत. ‘सर, तुम्ही चुकलात’ असे कुणालाच म्हणावे लागत नाही. प्रत्येक शेऱ्याला लेखकाने उत्तर द्यायचे: मान्य, किंवा अमान्य आणि का. मतभेद मिटला नाही तर वाक्य सौम्य करा. मूळ स्रोत जेवढे म्हणतो तेवढेच लिहा.

विषय जाणणारा तिसरा वाचक मिळाला तर सोने. मासळीच्या लेखाला मालिमच्या जेटीवर हिशेब ठेवणारा माणूस जे विचारेल ते आपल्याला सुचणार नाही.

प्रसिद्धीनंतरची चूक

शुद्धलेखनाची चूक गुपचूप सुधारा. आकडा, एकक, वर्ष किंवा निष्कर्ष बदलत असेल तर गुपचूप नाही. लेखाच्या माथ्यावर तारखेसह ओळ टाका: आधी काय लिहिले होते, आता काय, कारण काय. जुना आकडा खोडून टाकू नका, टिपेत राहू द्या. कुणीतरी तो उद्धृत केलेला असतो आणि तो शोधत तुमच्याकडे येणार असतो. स्रोतानेच आकडा सुधारला असेल तर ती दुरुस्ती नव्हे, सुधारणा. दोन्हींना वेगळे शब्द वापरा, नाहीतर आपल्या चुका सरकारच्या खात्यावर जातात किंवा उलट.

काही लेख अद्ययावत करण्यासारखे उरतच नाहीत. सर्वेक्षण बंद पडले, मापदंड बदलला. असा लेख काढून टाकू नये. ‘या लेखातील आकडे अमुक वर्षापर्यंतचे असून तो यापुढे सुधारला जाणार नाही’ अशी पट्टी लावून पत्ता जिवंत ठेवावा.

जनगणना २०२७ साठी आत्ताच करायचे

पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या मोजली असे धरतात तो, १ मार्च २०२७ ठरला आहे. तिचे आकडे येतील तेव्हा आपल्या सगळ्या लेखांवर एकदम ताण येईल, म्हणून काही कामे आधी उरकावीत.

‘२०११’ हा शब्द सगळ्या लेखांत शोधा आणि यादी करा. त्यातली कोणती वाक्ये कायमची आणि कोणती बदलावी लागणारी, ते ठरवून ठेवा. तक्त्यांत २०११ चा रकाना काढून त्या जागी नवा घालायचा नाही; नवा रकाना शेजारी येईल आणि त्याच्या शीर्षकात ‘तात्पुरते’ हा शब्द असेल. अंतिम आकडे येईपर्यंत त्या रकान्याला फिका रंग द्या, म्हणजे कुणी विसरणार नाही. तालुक्यांची जुन्या-नव्या सीमांची जोडयादी आत्ताच करा: धारबांदोड्यात गेलेली गावे २०११ मध्ये कोणत्या तालुक्यात होती, हे गावपातळीच्या तक्त्यावरून एकदा बसून काढले की २०११ चे आकडे नव्या सीमांवर मांडता येतात. मग जिल्ह्यांच्या रचनेत जो काही बदल झाला असेल तो त्याच यादीत एका रकान्याने सामावतो.

दरडोईच्या सगळ्या तक्त्यांना वेगळी खूण करा. नवी मोजणी आली की अंदाजित लोकसंख्या मागे जाऊन सुधारली जाण्याची शक्यता आहे, आणि तसे झाले तर मधल्या प्रत्येक वर्षाचे दरडोई आकडे हलतील. ती सुधारणा अधिकृतपणे येईपर्यंत स्वतः नवा भाजक वापरून दर काढू नका. तक्त्याखाली ‘भाजक: २०११ वर आधारित अंदाजित लोकसंख्या’ एवढी ओळ आजच टाकून ठेवा.